देवाचा खिळा

अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. दार सताड उघडं असलं तरी. टकटक करून कान तिरका करायचे, मग चौकटीला नाक लावून वास घ्यायचे, आणि घरातल्या माणसाला नमस्कार करण्याआधी निकाल देऊन मोकळे व्हायचे. "सागवान म्हनून गळ्यात मारलंय बगा तुमच्या. बिवळा हाय ह्यो. पर वाईट न्हाय, नातवंडापत्तुर टिकंल की." घरमालक ओशाळायचा, त्याची बायको त्याच्याकडे रागानं बघायची, आणि अण्णा तोवर आत जाऊन मांडी घालून पाणी मागत असायचे.

मला पहिलं स्थळ सांगून आलं तेव्हा मुलाचं घर बघायला बाबांबरोबर अण्णाही आले होते. बैठकीत एक चकाकणारं टेबल होतं. ते अस्सल शिसवी असल्याचं मुलाच्या वडिलांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. अण्णांनी टेबलाखाली हात घातला, नखानं जरा खरवडलं, बोट हुंगलं. "आंबा हाय," म्हणाले. "वर पालिश मारलंय." परत येताना टांग्यात ते बाबांना म्हणाले, "ज्ञानबा, टेबलाचं खोटं सांगणारा मानूस पोराचं काय काय खोटं सांगत आसंल? सोड हे स्थळ." स्थळ सुटलं. मला त्या मुलाचे कान आवडले नव्हते, त्यामुळे मी अण्णांवर खूश झाले. पुढे स्थळं आली ती याच पद्धतीनं सुटत गेली आणि मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत राहिले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अण्णांचं नाव शिवलिंगप्पा. मूळचे अक्कलकोटकडचे. सोलापुरात स्टेशनच्या बाजूला त्यांची लाकडाची वखार होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, धोतर पांढरंशुभ्र पण खांद्यावर कायम भुसा. घरात कानडी बोलायचे, बाजारात मराठी आणि रागावले की दोन्ही. मला ते लहानपणापासून 'मगळे' म्हणायचे, म्हणजे मुली. "बा मगळे, कुंद्रु," म्हणजे ये, बस. मी वखारीत गेले की ओंडक्यावरचा भुसा स्वतःच्या उपरण्यानं झटकून मला बसायला जागा करून द्यायचे. माझे वडील, ज्ञानोबा, त्यांचे मुकादम. आमच्या दोन खोल्या वखारीच्या मागेच होत्या, त्याही अण्णांनीच बांधून दिलेल्या.

मी अगदी लहान असताना अण्णा पश्चिमेकडच्या घाटात जंगलतोडीचे ठेके घ्यायचे. वनखातं रानाचा एक तुकडा आखून द्यायचं, त्यातल्या तोडायच्या झाडांवर हातोडीनं सरकारी छाप मारायचं आणि ठेकेदारानं फक्त तीच झाडं तोडायची. बाबा हंगामभर रानात राहून तोड करून घ्यायचे. अण्णा मधून मधून जायचे. पण एका कामाला मात्र ते स्वतः हजर असायचेच. तोड सुरू झाली की पहिला ओंडका देवाचा. अण्णा आंघोळ करून, विभूती लावून त्या ओंडक्यापुढे बसायचे, बेलाचं पान ठेवायचे आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तांब्याचा एक खिळा ठोकायचे. हा खिळा सोलापुरातल्या एका तांबटाकडून ते खास घडवून घ्यायचे. त्याचं डोकं बेलाच्या पानासारखं तीन पाकळ्यांचं. खिळा ठोकल्याशिवाय बैल जुंपायचे नाहीत. तो ओंडका विकायचा नाही, त्यातून कुणाचा देव्हारा व्हायचा, कुणाचा पाळणा. "मी सोडून त्या खिळ्याला कुनाचा हात लागलेला न्हाय," असं ते सांगायचे. "मुकादमाचाबी न्हाय. ज्ञानबा, खरं का न्हाय?"

"खरं हाय की," बाबा म्हणायचे.

पुढे ठेके बंद झाले आणि वखारीतच ट्रकनं माल यायला लागला, तरी प्रत्येक ट्रकमधल्या पहिल्या ओंडक्याला खिळा असायचाच. लहानपणी मी तो सोहळा बघायला धावत जायची. हमाल ताटकळत उभे, ड्रायव्हर वैतागलेला, आणि अण्णा शांतपणे डोळे मिटून बसलेले. ड्रायव्हर काही बोललाच तर एक डोळा उघडून म्हणायचे, "तुजा वाटा तुला मिळतो न्हवं? मग त्येला त्येचा मिळू दे की."

ठेके बंद का झाले, ते सांगायला हवं. आमच्या घरात ती गोष्ट क्वचित निघायची, पण सगळं तिच्याच भोवती होतं. शेवटच्या ठेक्यात एक ओढा ही हद्द होती. ओढ्याच्या अलीकडची छाप मारलेली झाडं आमची, पलीकडचं रान राखीव. हंगाम संपल्यावर वनखात्याचे लोक पलीकडे गेले तर तिथे चांगल्या जुनाट सागवानाची नुसती बुडखं उभी. एकावरही सरकारी छाप नाही आणि ओंडक्यांचा पत्ता नाही. मुकादमानं परस्पर तोडून परस्पर विकले, असं ठरलं. अण्णांनी चौकशीत सांगितलं, "ओढ्याच्या पलीकडं माजं पाऊल पडलेलं न्हाय. तितलं मला काय ठावं न्हाय." बाबा काही महिने तुरुंगात गेले.

बाबांनी तोड केली नव्हती. त्या हंगामात मला विषमज्वर झाला होता आणि ते मधले बरेच दिवस घरी, माझ्या उशाशी होते. अण्णांनीच त्यांना रानातून धाडलं होतं. "पोरगी म्हत्त्वाची, ज्ञानबा. रान कुटं पळून जातंय?" पण घरच्यांची साक्ष कोण खरी मानणार, आणि तोड नेमकी कोणत्या दिवसांत झाली हे तरी कोण सांगणार? आपण नसताना कुणीतरी चोरांनी डाव साधला, असं बाबा धरून चालले. अण्णांचा त्यांना राग नव्हता. "जे बगितलंच न्हाय, ते बगितलं म्हनून अण्णा कसं सांगतील?" उलट आजारी लेकीकडे धाडलं, याचे उपकारच ते आयुष्यभर मोजत राहिले.

आणि उपकार होतेच. बाबा तुरुंगात होते तेव्हा आमची चूल अण्णांनी विझू दिली नाही. शाळेत मुली मला 'लाकूडचोराची पोरगी' म्हणायच्या. एकदा मी रडत घरी आले, तर दुसऱ्या दिवशी अण्णा धोतराचा सोगा सावरत शाळेत हजर. मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या चौकटीवर आधी टकटक, मग, "बाई, ही माजी पोर हाय. हिला कोन चोराची म्हनलं तर मी चोर झालो. मग मला हितं बोलवा आन् माज्या तोंडावर म्हना." बाई गांगरून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी विचारलं असतं की तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा माणूस कोण, तर मी क्षणभर थांबून बाबांचं नाव घेतलं असतं, आणि ते क्षणभर थांबणं अण्णांसाठी असतं.

आई गेली, मी नोकरीला लागले. अण्णांची बायको त्याच्या आधीच गेली होती आणि मुलं धंदा मोठा करण्याच्या नादात बापाशी कामापुरतं बोलायची. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. बाबा आतल्या दिशेनं हाक मारायचे, "सुशे, अण्णांचा च्या टाक." मग दोघं म्हातारे बशीत चहा ओतून फुरके मारत बसायचे. बोलणं थोडंच. दुष्काळाच्या साली वखार ओस पडली होती, तेव्हा तर दोघं नुसतेच रस्त्याकडे बघत बसायचे. "तुज्याकडं च्या प्याल्याबिगर मला झोप लागत न्हाय रं ज्ञानबा," हे अण्णांचं रोजचं वाक्य.

दुष्काळ सरल्यावर आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या पाटीलबाईंनी आम्हा शिक्षिकांचं एक पायी फिरणारं मंडळ काढलं. सोलापूरच्या सपाट मुलखात बायकांनी पाठीवर पिशव्या बांधून फिरणं म्हणजे लोकांना करमणूकच होती. नाताळच्या सुट्टीत घाटात जायचं ठरलं, तेव्हा बाबांचं ते रान मीच सुचवलं. बाबा एकदम खुलले. उठून भिंतीवर कोळशानं वाट काढून दाखवली. माझ्या झोपडीचा चौथरा अजून आहे का, तेवढं बघून ये, म्हणाले. अण्णा मात्र बशी खाली ठेवून म्हणाले, "तितं काय बगायचं? जळवा हायत नुसत्या. त्येच्यापरीस विजापूरला जा, गोलघुमट बगा. आवाज घुमतो बग, लई मज्जा." मी हसले. म्हाताऱ्याला काळजी वाटते, असं वाटलं.

घाटाच्या पायथ्याला एसटी सोडली आणि बायजाबाई नावाची एक गवळीण वाट दाखवायला बरोबर घेतली. वाट म्हणजे जुना गाडीरस्ता, पण कारवी डोक्याच्या वर वाढलेली. बायजाबाई कोयत्यानं फांद्या बाजूला करत पुढे चालायची आणि म्हणायची, "ह्या वाटंनं आता गवं जात्यात, मानूस न्हाय." कातळावर बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेले खोल चर होते, त्यात पाणी साचलेलं. एका वळणावर ओंडके ओढायच्या गाडीचा गंजलेला आख आडवा पडला होता, त्यातून नेचे वर आले होते. पुढे करवतीचा खड्डा. एक माणूस खड्ड्यात, एक वर आणि मधे लांबलचक करवत, असं लाकूड कापायचे म्हणून मी ऐकलं होतं. खड्डा पालापाचोळ्यानं भरला होता. एका किंजळाच्या खोडाला कधीकाळी लोखंडी तारदोर बांधलेला होता, त्याच्याभोवती झाड इतकं वाढलं होतं की दोर खोडातून जाऊन पलीकडे बाहेर पडल्यासारखा दिसत होता. पाटीलबाई प्रत्येक वस्तूपाशी थांबून "बाई बाई बाई" म्हणायच्या.

बाबांचा चौथरा सापडला. तीन दगडांची चूल तशीच होती. मी तिथे जरा वेळ बसले. याच जागेवरून त्यांना धरून नेलं, असं मनात येत होतं, पण त्यापेक्षा जास्त, ते इथे बसून भाकरी थापत असतील, तेच डोळ्यांसमोर येत होतं. मी चौथऱ्यावरचा एक खडा त्यांच्यासाठी रुमालात बांधून घेतला.

जेवायची वेळ झाली. बायजाबाई म्हणाली, "वड्याच्या पल्याड झरा हाय, ग्वाड पानी. तितं भाकरी खाऊ." आम्ही ओढा ओलांडला. हाच तो ओढा, हे मला माहीत होतं. थोडं वर चढून गेल्यावर एका कपारीच्या आडोशाला, कारवीच्या मागे ओंडके रचलेले दिसले. वरचं कोवळं लाकूड कुजून गळून गेलं होतं, आतला गाभा काळाठिक्कर पण शाबूत. उरलेल्या सालीवर शेवाळ. म्हणजे ते कधी विकलेच गेले नव्हते. चौकशी सुरू झाली आणि चोराला ते रानातून बाहेर काढताच आले नाहीत.

"एवढं सागवान," पाटीलबाई म्हणाल्या, "आणि गावातलं कुणी नेलं नाही?"

"मी लगीन हून आले तवापासनं हायत," बायजाबाई म्हणाली. "देवाचं हाय त्ये. कोन हात लावत न्हाय."

"देवाचं कशावरून?"

"खिळा हाय न्हवं का."

तिनं सगळ्यात पुढच्या ओंडक्याच्या तोंडावरचं शेवाळ हातानं पुसलं. तांब्याचा खिळा. हिरवा पडलेला. तीन पाकळ्यांचं डोकं.

मला लगेच कळलं. शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण शंकेची सगळी दारं अण्णांनी स्वतःच इतकी वर्षं बंद करत आणली होती. त्या खिळ्याला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता, बाबांचाही नाही. मी अंगठ्यानं त्या पाकळ्या चाचपून बघितल्या. मी आजारी पडले आणि बाबांना घरी धाडलं, तेव्हाच हे सगळं उरकलं होतं. माझ्या तापाचा त्यांनी उपयोग करून घेतला होता. पाटीलबाई मला भाकरी का खात नाहीस म्हणून विचारत होत्या. मी माझी भाकरी बायजाबाईच्या पुढ्यात ठेवली. परतीच्या वाटेवर ओढा ओलांडताना रुमालातला खडा पाण्यात टाकून दिला. बाबांच्या हातात तो कोणत्या तोंडानं ठेवू, हे मला कळेना.

सोलापूरला आल्यावर सोमवारी वखारीत गेले. सोमवारी वखारीतलं करवतीचं यंत्र बंद असायचं. अण्णा एकटेच वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला बघून उपरण्यानं ओंडका झटकू लागले. "बा मगळे, कुंद्रु."

मी बसले नाही. "अण्णा, ओढ्यापलीकडे तुमचा खिळा आहे."

त्यांचा हात थांबला. ते नाही म्हणतील, रागावतील, दुसऱ्या कुणाचं नाव घेतील, अशी मी रस्ताभर तयारी केली होती. ते म्हणाले, "हिरवा पडला आसंल."

"तुमचं पाऊल पडलं नाही म्हणून सांगितलंत तुम्ही."

"सांगितलं की."

"आणि बाबांना मुद्दाम घरी धाडलंत."

"हौदु," ते म्हणाले. हो. कानडीत बोललं की त्यांना सोपं जात असावं.

मला संतापानं नीट बोलता येईना. तोंडातून भलताच प्रश्न बाहेर पडला. "मग खिळा कशाला मारलात? मारला नसता तर कधीच कुणाला कळलं नसतं."

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. "सरकारला फशिवलं मगळे. तुज्या बापाला फशिवलं. देवाला कसं फशिवू? पैला ओंडका त्येचा."

हे ते कावेबाजपणानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते मनापासून बोलत होते. मी म्हणाले, "देवाचा वाटा आठवणीनं काढलात. आणि बाबांच्या वाट्याला तुरुंग?"

"त्येलाबी दिलं की मी. सांग की, काय कमी पडू दिलं का तुमाला? तुजी शाळा, तुज्या आईचं दवापानी, ह्या खोल्या. सख्खा भाऊ तरी येवडं करतो का?" त्यांचा आवाज चढला होता. मला मुख्याध्यापिकांच्या खोलीतले अण्णा आठवले. 'हिला चोराची म्हनलं तर मी चोर झालो.' माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अभिमानाचं वाक्य, आणि ते बोलताना त्यांना ठाऊक होतं की चोर कोण आहे. म्हणजे तेवढ्यापुरते ते खरंच बोलले होते म्हणायचे. मला त्या ओंडक्यांची, भुशाची, त्यांच्या उपरण्याची शिसारी आली.

मी जायला निघाले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "ज्ञानबाला सांगशील?"

"का नको सांगू?"

"सांग. तुजा हक्क हाय. पर मंग मी सांजंला कुटं जाऊन बसू?"

बाजारातली पत जाईल, मुलं काय म्हणतील, यातलं काहीही त्यांना सुचलं नाही. त्यांना आमचा ओटा सुचला. त्यामुळे मला त्यांची दया यायला हवी होती, पण राग दुप्पट झाला. ज्या माणसाला बुडवलं, त्याच्याशिवाय यांना करमत नव्हतं.

दहा-बारा दिवस मी गप्प राहिले. संध्याकाळी चहा करून आतूनच बाबांच्या हातात द्यायची, बाहेर यायची नाही. मग एका संध्याकाळी अण्णा गेल्यावर बाबा म्हणाले, "देवमानूस हाय बग." माझ्या हातातली बशी मी आदळली आणि सगळं सांगून टाकलं. कपार, शेवाळ, पाकळ्या, वखारीतलं बोलणं, एकही शब्द न गाळता.

बाबा गुडघ्यावरून हात फिरवत ऐकत राहिले. मग विचारलं, "कपार झऱ्याच्या वरच्या अंगाला हाय का?"

"हो."

"तवाच घरला धाडलं म्हनायचं मला."

"हो बाबा."

ते आत जाऊन पाणी प्याले. तांब्या जागेवर नीट ठेवला. परत येऊन बसले आणि म्हणाले, "अण्णांना कळू देऊ नको, मला कळलंय म्हनून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कळू देऊ नको? बाबा, तुरुंगात गेलात तुम्ही! आई मरेपर्यंत गल्लीत मान खाली घालून चालली!"

"चालली की. मी काय इसरलो व्हय? पर आता काय करू? त्येंच्या दारात जाऊन बोंब मारू? त्येंना कळलं तर ते यायचं बंद हुतील. मंग सांजंला मी कुनासंगं बसू सांग."

दोघांनी एकच गोष्ट सांगितली होती. एकानं फसवलेलं, दुसरा फसलेला, आणि दोघांनाही संध्याकाळच्या त्या चहाचीच पडलेली. त्या घटकेला मला बाबांचाही इतका राग आला की मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. अण्णांनी माझा विश्वासघात केला होता. पण बाबा तर माझ्या बाजूचे होते ना? मी त्यांच्यासाठी भांडायला उभी राहिले तर ते मला एकटीला सोडून पलीकडे जाऊन बसले. या खोल्या सोडून दुसरीकडे राहायला जाऊ, असं म्हटलं, तर त्यालाही नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, अण्णा आले, आणि बाबांनी हाक मारली, "सुशे, अण्णांचा च्या टाक." आवाजात काडीचा फरक नव्हता. मी दाराच्या फटीतून बघत होते. त्यांनी बशी अण्णांच्या पुढे सरकवली, अण्णांनी फुरका मारला. फक्त 'देवमाणूस' हा शब्द त्या दिवसापासून बाबांच्या तोंडी पुन्हा आला नाही. अण्णांना ते जाणवलं असेल असं मला वाटत नाही. मी गप्प राहिले आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. रस्त्यात भेटले की डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघायचे, हात जोडायचे. ते जोडलेले हात बघून मला ओरडावंसं वाटायचं. असं काही वर्षं चाललं.

बाबा गेले ते झोपेतच गेले. चितेची लाकडं अर्थातच वखारीतून येणार, असं सगळ्या गल्लीनं धरलं होतं. अण्णांनी हमालांना सांगून चांगलं वाळलेलं लाकूड बाजूला काढूनही ठेवलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वखारीतलं लाकूड नको." माझा चुलतभाऊ चकित होऊन बघत राहिला, बायका कुजबुजल्या, दुःखानं पोरीचं डोकं फिरलं म्हणाल्या. अण्णा बाजूला झाले. लाकडं दुसरीकडून आणली. अण्णा स्मशानापर्यंत चालत आले आणि सगळ्यात शेवटी परतले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि अण्णा येऊन ओट्यावर बसले. आतल्या दिशेनं हाक मारायला आता कुणी नव्हतं. मी माझ्या मनानं चहा टाकला, कपबशी बाहेर नेऊन त्यांच्यापुढे ठेवली आणि पहिल्यांदाच बाबांच्या जागेवर बसले. कितीतरी वर्षांनी आम्ही समोरासमोर बसलो होतो. ते खंगले होते. कपाळावरची विभूती वाकडी लागली होती.

"लाकूड नको म्हनलीस, बरूबर केलंस," ते म्हणाले. "पर तू ज्ञानबाला सांगितलं न्हाईस मगळे. सुकानं गेला त्यो. लई उपकार झालं तुजं."

बाबांनी मला दिलेली ताकीद त्यांच्याबरोबर संपली, असं मी त्या क्षणी ठरवलं. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही कबूल केलंत, त्याच महिन्यात."

अण्णांना आधी कळलंच नाही. मग हातातली बशी त्यांनी दोन्ही हातांनी खाली ठेवली. त्यांचे ओठ हलत होते. त्या सगळ्या संध्याकाळी एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असाव्यात, आणि प्रत्येकीत समोर बाबा बसलेले, सगळं ठाऊक असलेले.

"मंग रोज माज्यासाठी च्या टाकाय का सांगायचा त्यो?"

"तुम्ही यायचे बंद व्हाल म्हणून."

अण्णा ओट्यावरून उठले. चपला घालायच्या राहून गेल्या. अनवाणीच ते अंगण ओलांडून गेले, आणि मी त्यांना हाक मारली नाही.